‘पुरावा काय?’ म्हणणाऱ्यांसाठी

‘डोळ्यांनी पाहिलं तेच ज्ञान, बाकी सगळी ऐकीव गोष्ट’ असं ठासून सांगणारा एक मेसेज सध्या फिरतोय. माझ्या भाचीनं तो वाचला आणि काल आजीलाच, म्हणजे माझ्या आईला विचारलं, “पण पुरावा काय?” आई तिच्या पहिल्या मुलीबद्दल सांगत होती. २६ दिवसांची होऊन गेली ती. फोटो नाही, दाखला नाही, तिला पाहिलेलं दुसरं कुणी आता हयात नाही. आई गप्प झाली.

मेसेज म्हणतो, भारतीय दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरा, फक्त प्रत्यक्षच मानत. साफ चूक. ती भूमिका चार्वाकांची. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, प्रमाणं म्हणजे ज्ञानाची साधनं चार आहेत: प्रत्यक्ष, अनुमान (तर्क), उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द. ‘आप्तोपदेशः शब्दः’, आप्ताचं सांगणं म्हणजे शब्द, असं सूत्रच आहे. आप्त कोण, हे भाष्यकार वात्स्यायन सांगतो: ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगायची आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही सारखंच लागू, असंही तो म्हणतो. सांगणाऱ्याचं कूळ नव्हे, त्याचं जाणणं आणि प्रामाणिकपणा बघायचा. बौद्ध आणि वैशेषिक ही दर्शनं शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत, हे कबूल. पण तेही त्याला अनुमानात जागा देतात, मोडीत काढत नाहीत.

‘विज्ञान कुणाच्या शब्दावर चालत नाही’ म्हणे! हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या शोधनिबंधाला ५,१५४ लेखक आहेत. त्यातल्या प्रत्येकानं प्रत्येक मोजमाप स्वतः तपासलं असेल का?

लोक खोटं बोलतात, ऐकलेलं पारखून घ्यावं, हे मान्यच आहे. पण ‘पुरावा नसेल तर सांगणं शून्य’ हा मुद्दा घातक आहे. आपल्या वेदना सांगणारा रुग्ण, बंद दाराआड झालेला त्रास सांगणारी बाई, यांनी काय दाखवायचं? मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं: पूर्वग्रहापोटी एखाद्याचा शब्द कमी तोलणं हा जाणती व्यक्ती म्हणून तिच्यावर होणारा अन्याय आहे. आणि हा मेसेज त्यालाच चिकित्सा म्हणतोय.

भाचीला मी वात्स्यायनाच्या दोन अटी सांगितल्या आणि म्हटलं, लाव आता आजीला. ते बाळ आईच्या मांडीवर होतं. त्याच्या डाव्या कानामागचा तीळ तिला अजून आठवतो. खोटं सांगून तिला मिळवायचं तरी काय होतं?