४३ अंशांचा फ्रिज

विक्रांतच्या नव्या स्वयंपाकघरातला परदेशी फ्रिज मे महिन्यात बंद पडला, हे नागपूरच्या लक्ष्मीनगरात, आठ रस्ता चौकात आता चहावाल्याच्या पोऱ्यालाही माहीत आहे. त्यामुळे परवा संध्याकाळी तो तोंड पाडून कट्ट्यावर आला, तेव्हा विषय वेगळा काढायची गरज पडली नाही.

"काय म्हणते पाहुणा?" गजूभाऊनं विचारलं.

"इंजिनीअर येऊन राहिला पुण्याहून. पुढच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यातही तो पुढच्याच आठवड्यात येऊन राहिला होता नं बे?"

गजूभाऊचं खामल्याला दुकान आहे. फ्रिज, मिक्सर, कूलर, गीझर, जे येईल ते उघडतो. मोटर जळली तर वाइंडिंग स्वतःच्या हातानं भरतो. कंपनीचा इंजिनीअर की मोहल्ल्यातला कारागीर, या वादात मी त्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. या माणसानं आमच्या मोहल्ल्यातली घरं कितीतरी उन्हाळे चालती ठेवली आहेत, आणि शोरूमवाले त्याला 'लोकल' म्हणून बाजूला सारतात याचा मला मनापासून राग येतो.

विक्रांतचं म्हणणं ठरलेलं. वस्तू वर्ल्ड-क्लास आहे, युरोपात पंधरा-पंधरा वर्षं हात लावावा लागत नाही, आपल्याकडे व्होल्टेज खराब. तो पुण्याला काही वर्षं राहून आल्यापासून त्याच्या प्रत्येक वाक्यात 'बेसिकली' येतं. "बेसिकली आपलं इन्फ्रास्ट्रक्चरच त्या लेव्हलचं नाही," तो म्हणाला.

नाना खवळले. नानांची अख्खी नोकरी वीज मंडळात गेली. "व्होल्टेजले काहून नावं ठेवून राहिला? माझ्या घरचा फ्रिज त्याच फीडरवर आहे. चालून राहिला. तुझाच का बसला?"

"तुमचा साधा आहे, नाना. माझ्यात इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आहे, तीन सेन्सर, टचचा डिस्प्ले..."

"म्हणजे बिघडायच्या जागा जास्त," गजूभाऊ म्हणाला. "बरं, मले सांग. फ्रिजच्या आत नाहीतर मागे एक पट्टी चिकटवली असते. त्याच्यावर क्लायमेट क्लास लिहिला असते. वाचला का?"

विक्रांतनं वाचला नव्हता. खरं तर कुणीच वाचत नाही, आणि विकणारा तर बोटही ठेवत नाही त्याच्यावर. गजूभाऊनं मग सगळं उलगडून सांगितलं. फ्रिज कोणत्या बाहेरच्या तापमानात नीट काम करेल, ते त्या अक्षरात असतं. 'एन' म्हणजे १६ ते ३२ अंश. 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंत. 'टी', म्हणजे सगळ्यात उष्ण मुलखासाठीचा, ४३ पर्यंत. त्याच्या पुढे अक्षर नाही.

"आणि आपल्या इथं २०१३ च्या मे महिन्यात किती गेलं होतं?"

"४७.९," नाना लगेच म्हणाले. तो आकडा नागपूरकराला शेजाऱ्याच्या नावासारखा पाठ असतो.

"आता ४४ झाले की फ्रिज बंद पडते असं नाही. पण आत ४ अंश राहतीलच, ही कंपनीची हमी तिथं संपली. फ्रिज थंडी तयार करत नाही भाऊ. आतली गरमी उचलून बाहेर फेकते. बाहेरच भट्टी असन तर फेकणार कुठं? कॉम्प्रेसर रात्रंदिवस धावते. त्याच्यात तू तो प्लायच्या कपाटात कोंबला. खालच्या स्कर्टिंगले जाळी ठेवली का?"

"डिझायनर म्हणाला, जाळीनं लुक जातो."

"मग आता लुक पाहा, दूध बाहेर ठेव."

विक्रांत हार मानणारा नव्हे. त्याचं म्हणणं, डिस्प्लेवर शेवटपर्यंत ४ अंशच दिसत होते, तरी दूध फाटलं. म्हणजे दूधच खराब असणार.

इथं नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "३० मे २०२४! आठवते का? आपल्या नागपुरात ५६ अंश दाखवले होते एका सेन्सरनं. टीव्हीवाले नाचले. मग हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला आहे. त्याचा भाऊ असन तुझ्या फ्रिजमध्ये."

गजूभाऊ मात्र गंभीर होता. सेन्सर जिथं बसवला असतो तिथलं तापमान सांगतो, दाराच्या कप्प्यातलं नाही. ग्लासभर पाण्यात साधा थर्मामीटर रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवायचा आणि सकाळी वाचायचा. लाखाच्या वस्तूची परीक्षा अशी घरच्या घरी होते. ही युक्ती मला शोरूममध्ये कुणी सांगितली असती तर आवडलं असतं.

एवढ्यात मंदाताई भाजीची पिशवी घेऊन आल्या. त्या डबे देतात. आमच्यापैकी निम्मे लोक कधी ना कधी त्यांच्या हातचं जेवून परीक्षा पास झालेले आहेत. बाक रिकामा झाला. विषय कळताच त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"विक्रांत, तुझ्या वास्तूले चहाचं काय झालं होतं, सांगितलं का यांना?"

"ताई, ते जाऊ द्या."

"काहून जाऊ द्यायचं? पन्नास माणूस बसलं होतं. चार शेगड्यांचा काचेचा इंडक्शन, आणि पातेल्याले उकळीच येईना. शेवटी पोट्ट्याले पाठवून माझ्या घरून गॅसची शेगडी आणली. तीही परत देताना बर्नरची जाळी गायब!"

त्या जाळीवर पाच मिनिटं गेली. विक्रांतचं म्हणणं ती आधीपासूनच नव्हती. मंदाताईंचं म्हणणं, ती त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासून होती. शेवटी नानांनी इंडक्शनकडे गाडी वळवली, कारण हा त्यांचा प्रांत.

"त्याच्यावर किती वॅट लिहिलं आहे?"

"७४०० वॅट," विक्रांत जरा ताठ झाला.

"आणि लावला कशाले? सोळा अँपिअरच्या सॉकेटले. सोळा गुणिले २३० कर. ३६८०. अर्ध्याहून कमी झालं नं? तेवढ्याले ३२ अँपिअरची वेगळी लाइन लागते, जाड वायर लागते, मीटरवर लोड मंजूर करून घ्यावा लागते. बसवणाऱ्यानं काय केलं असन? सेटिंगमध्ये जाऊन पॉवर खाली बांधून दिली, म्हणजे एमसीबी पडणार नाही. दोन शेगड्या लावल्या की दोन्ही अर्धमेल्या. वस्तू खराब नाही. तुले अर्धीच मिळाली, पैसे पूर्ण घेतले."

हे ऐकून मी खरोखर चिडलो. ही लबाडी नाही तर काय? साधं गणित आहे आणि ते गिऱ्हाइकाला सांगायला एक मिनिट लागतं. स्वयंपाकघर पंधरा लाखांचं विकणाऱ्याने मीटरवरचा लोड विचारू नये?

गजूभाऊनं भर घातली. इंडक्शनच्या काचेखाली पंखा असतो. तो खालची हवा ओढून आतल्या आयजीबीटी नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचला थंड ठेवतो. त्या पुडीएवढ्या तुकड्यावर सगळी करामत चालते. खालच्या ड्रॉवरमध्ये टॉवेल आणि पिशव्या कोंबल्या, वर नागपूरचा मे, तर तो स्वतःला वाचवायला बंद पडतो आणि एरर दाखवतो. "तो आकडा दिसला की लोक म्हणतात बोर्ड गेला. बोर्ड नाही गेला. त्याले श्वास घ्यायले जागा द्या."

"म्हणजे सगळा दोष माझाच?" विक्रांत म्हणाला. "मिक्सरचं काय? तो तर परदेशात हॉटेलवाले वापरतात!"

"त्यात माझा सावजी मसाला वाटून दाखव," मंदाताई म्हणाल्या. "मी पाहिला नं तुझ्या बायकोकडे. भांडं एवढं रुंद, की दोन चमचे ओलं वाटण टाकलं की सगळं भिंतीले जाऊन चिकटते, पातं खाली मोकळं फिरते. भाजलेलं खोबरं, खसखस, लवंग, मिरे, थोडं थोडं पाणी, हे त्याचं काम नाही. तो फळांच्या रसासाठी आहे. रसात तो राजा आहे, मी नाही नाही म्हणत."

आणि मग त्यांनी सुमीतची गोष्ट काढली, जी मला त्या संध्याकाळची सगळ्यात मोलाची वाटली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत माथुर नावाचे एक इंजिनीअर होते. घरचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणाखाली जळला. दुरुस्ती इथं होईना, तेव्हा त्यांनी आपल्या वाटणाला टिकेल अशी दणकट मोटर घालून स्वतःच मिक्सर बनवला. १९६३ साली तो बाजारात आला. पुढं कित्येक घरांत मिक्सर म्हणजे सुमीतच. "माझ्या आईचा सुमीत माझं लग्न होईपर्यंत चालला," मंदाताई म्हणाल्या. "साठ वर्षांपूर्वी एका माणसाले कळलं की आपल्या घरात काय शिजते ते आधी पाहा आणि मग मशीन बनव. यांना अजून नाही कळलं."

याच्यापुढे विक्रांतकडे उत्तर नव्हतं. म्हणून तो डिशवॉशरवर गेला. आणि इथं मंदाताईंनी त्यालाही चकित केलं, कारण त्या डिशवॉशरच्या बाजूनं बोलल्या. त्यांच्या सुनेनं आणलाय. तर्रीचं तेल सुटलेली पातेली ७० अंशाच्या धुलाईत लख्ख निघतात, फक्त आधी उरलेलं खरडून काढायचं. हिंडालियमची कढई घालायची नाही, काळी पडते. आणि बोअरचं जड पाणी असेल तर त्याचं वेगळं मीठ भरायचं.

"मी भरलं होतं मीठ," विक्रांत म्हणाला.

"कोणतं?"

"घरचं."

गजूभाऊनं कपाळावर हात मारला. जेवणातल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून दुसरी भुकटी मिसळलेली असते, ती आत गाळ करते. पाण्याचा जडपणा काढणारी जी राळ आत असते, तिला शुद्ध जाड मीठच लागतं.

"मग पुस्तिकेत काहून नाही लिहिलं?"

"लिहिलं असते. चोवीस भाषांत. त्यात मराठी नाही."

इथून गाडी सुटली ती थेट विदर्भाच्या अनुशेषावर. नाना म्हणाले, सर्व्हिस सेंटर पुण्याला, गोदाम भिवंडीला आणि गरमी आपल्याले. विदर्भाला बरोबरीचा वाटा कबूल करणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारापासून हेच चाललं आहे. विक्रांत म्हणाला, यात करार कुठून आला. नाना म्हणाले, हिवाळी अधिवेशनाला मंत्री येतात तसा तुझा इंजिनीअर येते, थंडीत, संत्री खाऊन परत. वेगळा विदर्भ हवा की नको, यावर दोन फेऱ्या झाल्या आणि चहाही झाला.

मला मात्र मूळ गोष्ट सोडवत नव्हती, म्हणून मीच परत ओढली. युरोपात मार्च २०२१ पासून कायदा आहे: फ्रिजचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही किमान सात वर्षं आणि डिशवॉशरचे दहा वर्षांपर्यंत मिळाले पाहिजेत, तेही पंधरा कामाच्या दिवसांत. तीच कंपनी तिथं हे पाळते आणि इथं विक्रांतला 'भाग मागवलाय' एवढंच सांगते. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये आलं. वस्तू दुरुस्त करणं किती सोपं याचे मार्क देणारा दुरुस्ती-निर्देशांक सरकारी समितीनं सुचवलाय, तोही चांगलाच आहे, पण सुरुवात फोनपासून.

"फोन दोन वर्षांत बदलतेच लोक," गजूभाऊ म्हणाला. "फ्रिजले आधी द्या म्हणा मार्क."

तोवर ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला फी नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो तिथंच करता येते. विक्रांतला पुण्याला जायची गरज नाही. मी त्याला म्हटलं, कागद घेऊन ये, अर्ज मी लिहून देतो. बिल, फोनवरचे मेसेज, फाटलेल्या दुधाचे फोटो, सगळं.

विक्रांत थोडा वेळ गप्प बसला. मग गजूभाऊजवळ सरकून हळूच म्हणाला, "भाऊ, रविवारी येता का जरा? स्कर्टिंगले जाळी बसवून द्या. आणि पाहून घ्या आतमध्ये एकदा."

वास्तूच्या दिवशी गजूभाऊ कौतुकानं त्या फ्रिजच्या मागं डोकावला होता, तेव्हा हाच विक्रांत सगळ्यांसमोर म्हणाला होता की लोकल माणसाचा हात लागला तर वॉरंटी जाते. गजूभाऊ ते विसरला नव्हता.

"जाळी बसवून देतो," तो म्हणाला. "पण आत नाही पाहणार बावा. बेसिकली, वॉरंटी जाईल."

मंदाताईंना पदर तोंडाला लावावा लागला. नाना बाकावरून उठून दोन पावलं चालून परत आले. विक्रांतही हसला, आणि हसता हसता कबूल करून बसला की बर्नरची जाळी त्याच्याच माळ्यावर आहे.

"पाहा!" मंदाताई ओरडल्या, आणि पिशवीतला भोपळा काढून त्याच्या अंगावर धावल्या.