संकासुर निःपक्ष आणि टीव्हीवाला विकलेला?

निवडणूक जवळ आली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. टीव्हीवरचे विनोदवीर एकाच पक्षाची टर उडवतात, म्हणजे दुसऱ्याने त्यांना विकत घेतलंय. रेडिओवाले कुणाचं नावच घेत नाहीत, म्हणजे घाबरट. निःपक्ष होता तो आमच्या दशावतारातला, म्हणजे कोकणातल्या जत्रांमधल्या लोकनाट्यातला, संकासुर, त्याने कुणाला सोडलं नाही.

पहिला आरोप टिकत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यावर विनोद केला की त्यात मंत्रीच येणार, कारण काम त्याच्या हातात आहे. तपासायचंच असेल तर आपल्याकडे सोय आहे. नोव्हेंबर २०१९ आणि जून २०२२, दोनदा राज्यातली सत्ता फिरली. एकाच कलाकाराचे या तारखांच्या अलीकडचे-पलीकडचे पूर्ण भाग काढा आणि प्रत्येक विनोदापुढे लिहा: कोणावर, आणि कशावर. सरकार बदलल्यावर निशाणा बदलला, तर तो सत्तेला टोचतोय. निशाणा तोच राहिला आणि विनोद कामावर नसून रंगावर, बोलण्यावर, आडनावावर असेल, तर संशय रास्त आहे. तीस सेकंदांच्या क्लिपवरून मात्र मोजू नका. क्लिप पसरवणारा आपल्या पक्षावरची ओळ आधीच कापतो.

रेडिओचं उत्तर सोपं आहे. आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करायला मनाई आहे, म्हणून रत्नागिरी केंद्रावरच्या श्रुतिकेतला पुढारी बिननावाचा राहतो. खाजगी वाहिन्यांना १९९४ च्या केबल नियमांतली कार्यक्रम संहिता लागू होते. तिच्यात पक्षाच्या नावाला बंदी नाही, व्यक्तीच्या बदनामीला आहे. त्यामुळे तिथे नाव फिरवतात, किंवा एडिटिंगला आवाज गाळतात.

आता संकासुर. तो पूर्वरंगात, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, काळ्या वेशात येतो, मालवणीत बोलतो, आणि त्याचे संवाद लिहिलेले नसतात. म्हणूनच टोमणा गावागणिक बदलतो, आणि तो कुणाला वाचवतो तेही गावागणिक बदलतं. नाटक ठरवतं देवस्थान किंवा मंडळ. बिदागी, जेवण, पुढल्या वर्षीचा प्रयोग त्यांच्याच हातात. देवस्थानाच्या मानकऱ्याला नट हळूच चिमटा काढेल, पण खरा फटका शेजारच्या गावच्या पुढाऱ्याला बसतो. यात नटाचा दोष नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण याला निःपक्षपणा म्हणू नये. शिवाय आता पुढाऱ्यांनी भरवलेले दशावतार महोत्सव होतात. मागच्या बॅनरवर कोणाचा फोटो आहे ते बघा, आणि त्या रात्री त्याच्यावर किती विनोद झाले ते मोजा. टीव्हीला लावलेली कसोटी इथेही लावायला हवी.

कायदाही दोघांना एकच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२६: मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवरून किंवा नाटक-संगीताच्या कार्यक्रमातून निकालावर परिणाम करण्याच्या हेतूने प्रचार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, ऐन जत्रांच्या तोंडावर. अशा वेळी मंडळाने रंग लावायच्या आधीच नटाला सांगावं: उमेदवाराचं नाव नको, चिन्ह नको, कोणाला पाडा-निवडा नको. रस्ता, पाणी, वीजबिल, वाळू यांवर हवं तेवढं बोल.