जेम्स वेब वर गेली म्हणून जमिनीवरच्या दुर्बिणी मोडीत निघत नाहीत

सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे: ‘जेम्स वेब दुर्बीण अवकाशात असताना जमिनीवरच्या दुर्बिणींवर पैसा उधळणे मूर्खपणा आहे. हवेमुळे त्यांना धूसरच दिसते, मग संगणकावर फोटो साफ करून खपवतात. तो पिवळा लेझर नुसता देखावा. आणि यात आपला काय संबंध?’

हवेचा मुद्दा तेवढा खरा आहे. थंड-गरम हवेच्या सरमिसळीमुळे दहा मीटरची दुर्बीणही एरवी वीस-तीस सेंटीमीटरच्या दुर्बिणीपेक्षा फारसे बारीक दाखवू शकत नाही. पण यावरचा उपाय खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी 1953 मध्येच सुचवला होता: हवेने बिघडवलेला प्रकाश दुर्बिणीतच, त्या क्षणी सुधारायचा. यालाच ‘अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स’ (एओ) म्हणतात.

‘फोटो नंतर साफ करतात’ हे मात्र साफ चूक. चिलीतल्या पारानाल वेधशाळेत येपुन नावाची 8.2 मीटरची दुर्बीण आहे. तिचा दुय्यम आरसा 1.1 मीटर रुंद आणि जेमतेम 2 मिलिमीटर जाड. त्याच्या मागे 1170 चुंबकीय उपकरणे आहेत. सेकंदाला हजार वेळांपर्यंत ती आरशाला केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी वाकवतात. हवेने प्रकाशलहरीला जिथे सुरकुती पाडली, तिथे आरसा उलटा वाकतो. म्हणजे दुरुस्ती प्रकाश कॅमेऱ्यात शिरण्याआधीच होते, फोटो तेव्हा निघालेलाही नसतो.

सुरकुती मोजायला शेजारी ठळक तारा लागतो आणि तो क्वचितच सापडतो. म्हणून लेझर. सुमारे 90 किलोमीटरवर उल्कांच्या धुळीतून आलेल्या सोडियमचा थर आहे. 589 नॅनोमीटरचा पिवळा किरण त्याला चमकवतो आणि पाहिजे तिथे कृत्रिम तारा तयार होतो.

आता वेब. तिचा आरसा 6.5 मीटरचा, हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीचा 10 मीटरचा. एकाच तरंगलांबीला मोठा आरसा अधिक बारीक पाहतो. आकाशगंगेच्या केंद्राभोवती 16 वर्षांत फेरी मारणाऱ्या एस-2 ताऱ्याचा माग केक आणि पारानालच्या दुर्बिणींनी काढला. त्यावर खगोलशास्त्रज्ञ राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना 2020 चे नोबेल मिळाले. वेब उडाली डिसेंबर 2021 मध्ये! मध्यम अवरक्त प्रकाशात आणि अतिमंद दीर्घिकांसाठी वेबला तोड नाही, हे मान्यच. पण ती कामेच वेगळी आहेत.

राहिला आपला संबंध. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकसोबत ‘रोबो-एओ’ ही यंत्रणा उभारली. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या 1.5 मीटरच्या दुर्बिणीवर ती अतिनील लेझर वापरून, माणसाने हात न लावता, एका रात्रीत दोनशेहून अधिक तारे तपासत असे.