चौदाव्या वर्षानंतरची घरची शाळा
गृहशिक्षणावरच्या, म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्यावरच्या तुमच्या लेखात सगळा भर प्राथमिक वयावर आहे. खरी कसोटी मात्र मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की लागते, हे दोन मुलींना घरी शिकवलेली आई म्हणून नोंदवावेसे वाटते. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 या वयोगटापुरता आहे, आणि नेमके त्याच सुमारास नातेवाईक 'दहावीचे काय?' असे विचारू लागतात. आम्ही शाळेत न जाता परीक्षा देऊ देणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग घेतला, कारण तिथे 14 वर्षे पूर्ण झाली की माध्यमिकसाठी, म्हणजे दहावीसाठी, नोंदणी करता येते आणि पाच वर्षांच्या मुदतीत विषय टप्प्याटप्प्याने सोडवता येतात.

अभ्यासक्रम ही त्यातली सोपी बाजू. पंधराव्या वर्षी मुलगी आईपासून जरा लांब जाऊ पाहते, पण आईच शिक्षिका असली तर तिने जायचे कुठे? बीजगणिताच्या वहीवरून सकाळी सुरू झालेला वाद आमच्याकडे रात्री आमटीच्या वाटीपर्यंत पोहोचत असे. अखेर गणित शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे सोपवले, माझ्याकडे फक्त मराठी आणि इतिहास ठेवला, आणि घर निवळले. हे मी दोन वर्षे आधीच करायला हवे होते.

अकरावीच्या प्रवेशाला शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी मात्र अडवले गेले. संस्थेचे स्थलांतर प्रमाणपत्र त्याच्या जागी चालते, हे खिडकीमागच्या कारकुनांना तिसऱ्या खेपेस पटले.