बिनफिल्टरचं खानदान

कोल्हापुरात 'हे काम होणार नाही' असं तोंडावर सांगणारा मिस्त्री मला अजून भेटायचा आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेराच स्वतः बनवला, तिथं ऑइल फिल्टर म्हणजे किस झाड की पत्ती! उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये जा आणि काहीही दाखवा. समोरचा ती वस्तू हातात घेतो, उलटी करतो, अंगठ्यानं ग्रीस पुसतो आणि म्हणतो, "करूया की. त्यात काय हाय?" आणि काम होतंच. फक्त आपण सांगितलेलंच काम होईल, असं त्यानं कुठं म्हटलेलं नसतं.

वस्तू म्हणजे आमच्या आज्जाची शेवरलेट लॉरी. लढाईनंतर घेतलेली. हिच्यातून शाहूपुरीला गूळ जायचा, लग्नाची वऱ्हाडं जायची, आणि गल्लीतली पोरं फुकट जोतिबाला जायची. इंजिन सहा सिलिंडरचं, दोनशे सोळा घनइंचाचं, म्हणजे आजच्या हिशेबात साडेतीन लिटरचं. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक पावणेचार. या इंजिनाला कंपनीतून ऑइल फिल्टर येत नसे. पाहिजे असेल तर जादा पैसे भरून घ्यायचा. आता आमचा आज्जा म्हणजे वांगी घेतल्यावर कोथिंबीर फुकट मिळाली नाही म्हणून मंडईतून वांगी परत करून आलेला माणूस. तो फिल्टरला पैसे मोजणार? तेव्हा लॉरी घरात आली ती बिनफिल्टरची, आणि पुढं दोन पिढ्या तशीच पळाली.

शेडमधून बाहेर काढून तिचं ऑइल सोडलं, तेव्हा इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरच्या बुडाशी बोटभर गाळ निघाला. खरवडायला कालथा लागला. (तो स्वयंपाकघरातला होता. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथं अप्रस्तुत आहे.) तो गाळ बघून मी जाहीर केलं, की आता हिला फिल्टर बसवायचाच.

"कशाला?" तात्या म्हणाले. तात्या माझे थोरले चुलते, आणि लॉरीवरचा शेवटचा शब्द त्यांचा. "तुझ्या आज्जानं कधी फिल्टर लावला? मी लावला? बिनफिल्टरचं पाणी पिऊन आमी ऐंशी गाठली, आन् इंजनाला तुझ्या फिल्टर पायजे?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी लॉरी घेऊन मिस्त्रीमामांकडं गेलो.

मिस्त्रीमामा म्हणाले, "करूया की. टाटाचा फिल्टर हाय माझ्याकडं, मारून टाकू." इथं मला थोडं शहाणपण पाजळावं लागलं. आजच्या गाड्यांत सगळंच्या सगळं ऑइल फिल्टरमधून गाळून मग बेअरिंगला जातं. आमच्या इंजिनाला तो थाट झेपत नाही. याचं ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पंधरा पौंडांच्या आत-बाहेर, डॅशबोर्डावरचं गेजच मुळी तीसपर्यंतचं. मेन बेअरिंगला तेवढं पंपाचं ऑइल मिळतं. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला एकेक छोटी पळी असते, ती फेऱ्यागणिक चेंबरमधल्या पन्हाळीत बुडते आणि कटाच्या पातेल्यात पळी मारावी तसं ऑइल वर उडवते. त्या शिडकाव्यावर बाकीचा संसार. अशा इंजिनाला बायपास फिल्टर लागतो. मुख्य वाटेवरून थोडंसं ऑइल बाजूला काढायचं, फिल्टरच्या डब्यातून गाळायचं आणि चेंबरमध्ये परत सोडायचं. एका फेरीत सगळं गाळून होत नाही, पण चालता चालता हळूहळू सगळ्याची पाळी येते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळली. म्हणाले, "म्हंजी सरकारी कामागत. समद्यांची फाइल एकदम काढायची न्हाई." मला इतके दिवस जे चार वाक्यांत सांगता येत नव्हतं ते त्यांनी एकात संपवलं, याचं वाईट वाटलं.

डबा भंगारात मिळाला. वरचं झाकण एका बोल्टवर, आत बदलायचा कागदी फिल्टर, बाजूला आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं अशी दोन भोकं. धरून ठेवायला पट्टी वेल्डिंग करून घेतली. इथपर्यंत सगळं इतकं सरळ झालं, की मलाच शंका यायला हवी होती असं बायको म्हणते.

सगळं अडलं ते आट्यांवर.

ब्लॉकला जिथं नळी जोडायची तिथं पितळी प्लग होता, एक अष्टमांश इंचाचा. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात जाऊन मी रुबाबात "वन बाय एट" म्हणालो. काउंटरवरच्या पोरानं आत ओरडून सांगितलं, "एक सुती निपल बघ रं!" (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि निपल म्हणजे नळी जोडायचा आटेवाला तुकडा.) पुडी बांधून हातात आली. गॅरेजला आणून लावला, दोन आटे सुरेख गेले, तिसऱ्याला गच्च. मामा म्हणाले, "बसला." मला तो बसण्यापेक्षा रुसलेला वाटला. इंजिन चालू केलं तर आट्यातून ऑइल पाझरायला लागलं. टेफ्लॉन टेप गुंडाळली, आणखी गुंडाळली, वरून शेलॅक लावलं. पाझर तसाच. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारी येऊन म्हणाले, "साबण लावा." त्यांच्या हयातीत कितीतरी गाड्या साबणावर धावल्या म्हणे.

गोम अशी होती, की आपल्याकडं नळजोडणीचे सगळे आटे इंग्रजांचे आणि शेवरलेट अमेरिकनांची. इंग्रजी एक सुती आट्यात इंचाला २८ आटे, अमेरिकन एक सुतीत २७. शिवाय इंग्रजी आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन ६० अंशांचा. एका इंचात एका आट्याचा फरक! दोघांचं जमलंच नसतं तर बरं होतं, पण दोन आट्यांपुरतं जमतं आणि तिथंच फसगत होते. अमेरिकन माल मिळावा कुठून? जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला १९२८ साली गाड्या जोडायचा कारखाना काढला खरा, पण १९५४ साली गाशा गुंडाळला. जाताना एक सुती निपलांची पेटी कोल्हापुरात ठेवून जावी, एवढं काही त्यांना सुचलं नाही.

मामांचा उपाय तयार होता. "ब्लॉकलाच नवा टॅप मारतो. इंग्लिश करून टाकू." तात्या जिथं बसले होते तिथून उठले. आज्जाच्या लॉरीच्या ब्लॉकला कुणी भोक पाडायचं म्हटल्यावर त्यांना एकाएकी अमेरिकेचा पुळका आला. "ब्लॉकला हात लावायचा न्हाई. निपल कर अमेरिकन." माझंही म्हणणं तेच होतं, पण ते तात्यांच्या तोंडून आल्यावर लगेच मान्य झालं.

मग टर्नर. उद्यमनगरातल्या त्या टर्नरचा हात इतका बारीक, की जुना प्लग बघून त्यानं लेथवर तसाच्या तसा निपल उतरवला असता. पण त्या दिवशी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच होती. त्याच्या पेठेची टीम खेळत होती. लेथ बंद, शेड बंद, आणि बाहेर राखण करणारा कुत्रासुद्धा मला दिसला नाही. तोही बहुतेक गेला असावा. दुसऱ्या दिवशी टीम जिंकली म्हणून मिरवणूक. नंतर तो आला तेव्हा घसा बसलेला होता. खुणांनीच बोलला, पितळेची सळई चकमध्ये धरली, गेज लावून जुन्या प्लगचे आटे तपासले. हत्यार पितळेवरून फिरलं तसा सोनेरी किस गुंडाळ्या गुंडाळ्यांनी खाली पडत गेला. निपल हातात आला तेव्हा गरम होता. ब्लॉकमध्ये हातानंच तीन-साडेतीन आटे गेला आणि मग हलकेच, अंगासरशी गच्च झाला. पैसे विचारले तर त्यानं आधी बोटांनी पेठेचा स्कोअर दाखवला, मग रक्कम.

पुढचा प्रश्न, प्रेशर नक्की कुठल्या भोकात? ब्लॉकच्या बाजूला आणखीही प्लग होते. एसटीवाले शेजारी एकाला बोट लावून म्हणाले हा, मामा दुसऱ्याला. वादाचा निकाल लावायला मामांनी आपला प्लग काढला, मला स्टार्टर दाबायला सांगितला आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. तात्या कुणाच्या सांगण्यावरून बाजूला होणारे नव्हेत. सहा व्होल्टच्या बॅटरीनं आळस देत इंजिन फिरवलं, ते पेटलं, आणि भोकातून निघालेली धार सरळ तात्यांच्या टोपीवर. टोपी पांढरी होती, परीटघडीची. प्रेशर त्याच भोकात आहे हे सर्वानुमते ठरलं.

नळी तांब्याची, पाव इंची. ती फ्रिजवाल्या मेकॅनिककडं मिळाली आणि तिचं टोक फुलवून फ्लेअर करायचं हत्यारही त्याच्याकडंच. "कुठल्या कंपनीचा फ्रिज?" त्यानं विचारलं. मी म्हटलं शेवरलेट. "जुना असंल," म्हणाला, आणि कामाला लागला. मामांनी मध्ये नळीला दोन वेटोळी घातली. तांबं इंजिनाच्या थरथरीनं कडक होत जातं आणि एक दिवस फ्लेअरपाशी चिरतं. वेटोळी ती थरथर पोटात घेतात. हे मामांना कुणी शिकवलं ठाऊक नाही, पण जुन्या गाड्यांतही नळ्यांना अशी वेटोळी असायची.

एक गोष्ट मात्र मी आडवा पडून करून घेतली. बायपासच्या वाटेत कुठंतरी बारीक भोक ठेवावं लागतं, दीड मिलीमीटरच्या आसपासचं. नाहीतर ऑइलला चेंबरमध्ये परत जायची सोपी वाट सापडते आणि बेअरिंग उपाशी राहतं. आमच्या डब्यात ते भोक नव्हतं. मामा विचारात पडले. मग एका खोक्यात हात घालून त्यांनी स्कूटरच्या कार्बोरेटरचा जुना जेट काढला, त्याचं भोक बारीक ड्रिलनं मोठं केलं आणि निपलच्या पोटात बसवला. इतका नेमका बसला, की त्यांनाच आपलं कौतुक वाटलं. मला चहा पाजला. एरवी चहाचे पैसे मी द्यायचो.

लॉरी चालू झाली. गेजचा काटा आधी थोडा खाली आला, कारण डबा रिकामा होता. मग सावकाश वर चढून पहिल्या जागेवर थांबला. आट्यात थेंब नाही. डिपस्टिक बघून तात्या ओरडले, "ऑइल चोरलं!" पावणेपाच लिटरच्या इंजिनातलं लिटरभर फिल्टरच्या डब्यात बसलं होतं. तेवढं वरून घातलं, तात्यांच्या देखत, मापानं.

थोडे दिवस फिरवून झाल्यावर झाकण उघडलं. कागद काळाकुट्ट, आणि डब्याच्या बुडाशी मलमासारखा दाट गाळ. मी विजयी मुद्रेनं तो तात्यांना दाखवला. त्यांनी बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि आत जाऊन गुळाचा रिकामा डबा घेऊन आले. निपटून सगळा गाळ त्यात भरला. गोठ्याच्या फाटकाची बिजागरी किती तरी वर्षं करकरत होती, तिला चोपडला. फाटक दोन-तीनदा उघडून मिटून बघितलं.

"हे फिल्टरचं बरं हाय," ते म्हणाले. "परत कवा उघडणार? मागच्या दाराचं ऱ्हायलंय."