तात्यांची टाच

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला अमेरिकेतल्या नर्सिंगच्या मुलींबरोबर ऑनलाइन प्रोजेक्ट आहे. या प्रकाराला 'कॉइल' म्हणतात. स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने २००६ साली त्याचं केंद्र काढलं. तिकडे सकाळचे नऊ, म्हणजे सप्टेंबरात आमचे संध्याकाळचे साडेसहा. त्या ताज्यातवान्या, मी दिवसभराच्या वॉर्ड ड्युटीने पिळून निघालेली. ही वेळ कोणाच्या सोयीची, ते मी विचारलं नाही. मार्क आहेत.

परवा पावसाने घरची लाईट गेली, म्हणून मी रेंजसाठी कातळावरच्या एसटीच्या शेडमध्ये बसले. विषय लेप्टो, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाचा हक्काचा रोग. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून जंतू चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात, असं मी ऐटीत सांगत होते. वस्तीच्या गाडीची वाट बघत तात्या शेजारीच बसले होते.

"काय गो, कोणाशी भांडतंस?"

"भांडत नाही तात्या, अभ्यास चाललाय. अमेरिकेतल्या मुली आहेत."

"थंय किती वाजले?"

"सकाळचे नऊ."

"मगे च्या घेतल्यानी काय, विचार."

मी विचारलं नाही, पण माइक चालू होता. तिकडच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, हे गृहस्थ काय म्हणतात? झालं! तात्यांनी पंचा सावरला आणि पाय उचलून सरळ मोबाइलसमोर धरला. भेगाळलेली टाच, भेगांत वाळलेला लाल चिखल, अंगठ्यापाशी जुना व्रण. सगळ्या मुली स्क्रीनवर वाकल्या.

"हंयसून ताप शिरलो. डॉक्टरान गोळी दिल्यान म्हणान वाचलंय. विचार तेंका, थंय लावणीक माणसां गावतत काय?"

पुढचा सगळा वेळ मी दुभाषी. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन प्रतिबंधासाठी देतात, ही माझी स्लाइड उघडलीच नाही. ती करायला मी रात्र घालवली होती. त्या मुलींच्या घरी वीज जात नाही, हे मला कळतं हो. पण आमच्या कातळावरच्या अंधाराला 'ऑथेंटिक' म्हटलं की डोकं फिरतं.

आज मेल आला. 'कम्युनिटी पार्टनर' फारच मोलाचे, पुढच्या सत्रालाही त्यांना आणा. माझ्याबद्दल एक ओळ: भाषांतर चांगलं होतं.

तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "इतके लांबचे लोक बोलावतत, पैशे किती देतत?"

कॉलेजची फी मी भरते, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.