शेळी आटवायला पाणी तोडायचं नसतं

'गाभण शेळी तीन दिवसांत आटवा' या मथळ्याचा एक मेसेज कोकणातल्या शेळीपालनाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो आहे. आटवणं म्हणजे गाभण शेळीचं दूध व्यायच्या आधी बंद करणं. पावसाच्या तोंडावर तो उगवतो, दिवाळीनंतर पुन्हा उगवतो, आणि खाली 'पुढे पाठवा, एखाद्या शेतकऱ्याचं भलं होईल' ही ओळ ठरलेली. मजकूर थोडक्यात असा: तीन दिवस चारा-पाणी पूर्ण तोडा. दूध कासेत राहिलं तर कुजतं, म्हणून रोज थोडं थोडं पिळून टाका. कासेला हळद-चुन्याचा लेप लावा. गाईची आटवायची ट्यूब आणून अर्धी अर्धी दोन्ही सडांत भरा. आटली की शेळी भाकड, तिचा खुराक बंद करा. आणि हे सगळं व्यायच्या पंधरा दिवस आधी केलं तरी पुरतं.

हे वाचून कुणाचं भलं झालं असेल तर ते औषधाच्या दुकानदाराचं.

आधी एक मान्य करतो. आपल्याकडच्या बऱ्याच शेळ्यांना आटवावं लागतच नाही. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही मुळात मटणासाठी पाळली जाणारी, धो धो पावसात टिकणारी जात. तिचं दूध तिच्या करडांपुरतं. करडं पाल्यावर लागली की ती आपसूक आटते. गावठी शेळीचंही तेच. प्रश्न येतो तो घाटावरून संगमनेरी आणलेल्यांना, सिरोही, बीटल किंवा सानेनचा संकर पाळणाऱ्यांना. अशी शेळी तीन महिन्यांची गाभण असते आणि तरी दिवसाला लिटर, दीड लिटर दूध देत असते. परसात दोन-तीनच शेळ्या, घरच्या चहाचं आणि पोरांचं दूध त्यांच्यावर. त्यात एकीची कास गेली तर हिशेबच कोलमडतो. म्हणून या मेसेजकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

चारा-पाणी तोडण्यापासून सुरू करू. पाणी तोडल्यावर दूध घटतं, यात खोटं काही नाही. दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तहानलेल्या जनावराचं दूध कमी होणारच. पण त्याची किंमत कोण मोजतं ते बघा. गाभण शेळीच्या पोटात अनेकदा दोन करडं असतात, कधी तीनही. चारा बंद झाला तरी त्यांची भूक थांबत नाही. मग शेळीचं शरीर स्वतःची चरबी वितळवायला लागतं, यकृताला तो भार पेलत नाही आणि रक्तात किटोन, म्हणजे चरबी वितळताना तयार होणारे घटक, साठतात. डॉक्टर याला प्रेग्नन्सी टॉक्सिमिया म्हणतात. शेळी सुस्त होते, कळपापासून बाजूला उभी राहते, दात खाते, पाल्याला तोंड लावत नाही, मग बसते ती उठत नाही. हा धोका सगळ्यात जास्त शेवटच्या महिन्यात, पोटात जुळं-तिळं असलेल्या शेळीला, आणि त्यातही फार लठ्ठ किंवा फार रोड शेळीला. आता मेसेजमधल्या दोन सूचना शेजारी ठेवून वाचा: तीन दिवस उपाशी ठेवा, आणि हे व्यायच्या पंधरा दिवस आधी करा. ज्या दिवसांत उपास जिवावर बेततो नेमके तेच दिवस लिहिणाऱ्याने निवडले आहेत. शिवाय तीन दिवस उपाशी ठेवलेल्या शेळीपुढे चौथ्या दिवशी भरडा ठेवला की ती अधाशासारखी खाते आणि पोटात आम्ल होऊन आडवी पडते, ते वेगळंच.

दूध घटवायचंच तर कात्री खुराकाला लावावी. आटवण्याच्या आठवडाभर आधी पेंड आणि भरडा कमी करत बंद करायचा, शेवरी-सुबाभळीसारखा पौष्टिक पाला काढून घ्यायचा, आणि पुढ्यात भाताचा पेंढा, वाळलं गवत हवं तेवढं ठेवायचं. पोट भरलेलं राहतं, दुधाचा कच्चा माल तेवढा कमी होतो. पाण्याची बादली भरलेलीच. एप्रिल-मेच्या घामट उकाड्यात पाणी तोडायचं म्हणजे शेळीला उष्माघात देण्याची सोय करणं.

आता दुसरा मुद्दा, आणि सगळा घोळ खरं तर इथेच आहे. 'दूध कासेत राहिलं तर कुजतं.' हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं चुकतं, कारण शेळी आटते तीच मुळी दूध कासेत राहिल्यामुळे. कास तुंबली की आतला दाब वाढतो. शिवाय दुधातच असा घटक असतो जो साठून राहिला की दूध बनवणाऱ्या पेशींना काम मंद करायला लावतो. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पंप बंद पडतो, तसंच. तुम्ही रोज वाटीभर पिळून काढता तेव्हा तो फ्लोट खाली ढकलता. कासेला निरोप जातो की मागणी चालू आहे. त्यामुळे मेसेजवाला तीन दिवसांत आटवायला निघालेली शेळी आठवडेच्या आठवडे रेंगाळते, आणि प्रत्येक पिळण्यागणिक सडाचं तोंड उघडत राहतं.

त्या तोंडाचं महत्त्व कुणी सांगत नाही. पिळणं थांबलं की सडाच्या टोकाशी मेणासारखी एक गुठळी हळूहळू तयार होते आणि वाट बंद होते. ती नीट बसेपर्यंतचे पहिले दोनेक आठवडे कासदाहाच्या, म्हणजे कासेला होणाऱ्या संसर्गाच्या, दृष्टीने सगळ्यात नाजूक. 'जरा मोकळं करू' म्हणून सड ओढला की ती गुठळी निघून जाते आणि गोठ्यातली घाण आत जायला रस्ता मोकळा होतो. ज्याला आपण गावात दगडी म्हणतो ती अनेकदा अशीच येते. मग दोष राहिलेल्या दुधाला देतात आणि मेसेजवाला खरा ठरतो.

दूध राहतं त्याचं होतं काय? ते शोषलं जातं. पिळणं थांबवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कास सगळ्यात तट्ट दिसते. बघून जीव खालीवर होतो, शेळीही मागचे पाय फाकून चालते. तिथे हात आवरला की चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती सैल पडायला लागते आणि दोन आठवड्यांत लोंबती, मऊ होते. शेळीच्या कासेत दूध साठायची पोकळी गाईच्या मानाने मोठी असते, त्यामुळे तिला हा ताण सोसतोही चांगला.

दिवसाला लिटरभर किंवा त्याहून कमी देणारी शेळी एका दिवसात बंद केली तरी चालते. शेवटचं दूध अगदी निपटून काढायचं, सड निर्जंतुक द्रावणात बुडवायचे आणि संपलं. जास्त देणारी असेल तर खुराक कमी करण्याच्या त्याच आठवड्यात दोन वेळचं दूध एका वेळेवर आणायचं, आणि मग पूर्ण थांबायचं. थांबल्यावर मात्र कास हाताने नुसती तपासायची, पिळायची नाही. अपवाद एकच: एक बाजू गरम, लाल, दगडासारखी झाली, शेळी हात लावू देईना, खाणं सोडलं, सडातून गाठी किंवा पाणचट पिवळं आलं, तर तो आजार आहे. तेव्हा कास रिकामी करणं हा उपचाराचा भाग होतो आणि त्याच दिवशी डॉक्टर लागतो.

एक घरगुती अडचण मेसेजमध्ये नाही, पण परसातल्या गोठ्यात नेहमी येते. आटवलेली शेळी आणि दुभती शेळी एकाच पडवीत शेजारी बांधलेल्या असतात. सकाळी भांड्याचा आवाज झाला की हिलाही पान्हा फुटतो. तिची जागा बदला, दुसऱ्या टोकाला न्या. गेल्या विताचं वाढलेलं पाट (मादी करडू) अजून चोरून पीत नाही ना तेही बघा. माणसं महिनाभर 'आमची आटतच नाही' म्हणत असतात आणि रात्री पाट मजेत लुचत असतं.

हळद-चुन्याच्या लेपाबद्दल फार लिहायची गरज नाही. चुन्याने कातडी भाजते, लेप वाळून तडकतो, भेगांत घाण बसते, आणि कास गरम आहे का हे हाताला कळेनासं होतं. बाहेरून लावलेल्या कशानेही आतलं दूध बंद होत नाही.

ट्यूबचं प्रकरण जास्त गंभीर. आटवताना सडात भरायच्या ट्यूबमध्ये हळूहळू सुटणारं प्रतिजैविक असतं, आणि जिथे कासेत आधीचा संसर्ग आहे तिथे त्याचा उपयोगही होतो. पण ती गाईसाठी बनवलेली असते. शेळीला वापरायची का, आणि वापरलीच तर व्याल्यानंतर किती दिवस दूध घरात घ्यायचं नाही, हे डॉक्टरने ठरवायचं असतं. गाईच्या ट्यूबवर छापलेले दिवस शेळीला लावून चालत नाहीत. आता 'अर्धी अर्धी'. एका सडात खुपसलेलं टोक दुसऱ्या सडात घालणं म्हणजे एकीकडचे जंतू दुसरीकडे पोचवणं, वर औषधाची मात्राही अपुरी. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. एका सडाला एक ट्यूब, आधी सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने स्वच्छ पुसायचं, आणि नळीचं टोक जेमतेम आत जाईल एवढंच. पूर्ण खुपसलं तर शेळीच्या अरुंद सडाला आतून इजा होते.

आणि मुळात प्रत्येक शेळीला ट्यूब लागते कुठे? आटवण्याआधी दुधाची कासदाहाची चाचणी करून घ्यावी. निकाल मात्र शेळीच्या हिशेबाने वाचायचा. ही चाचणी दुधातल्या पेशींवरून चालते, आणि शेळीच्या दुधात त्या मुळातच गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात, वेताच्या शेवटी आणखी वाढतात, त्यामुळे चाचणीत दूध जरासं घट्ट झालं म्हणजे रोग असं होत नाही. दोन सडांत स्पष्ट फरक दिसला तर मात्र लक्ष द्यायचं.

'आटली की भाकड, खुराक बंद' हा सल्ला सगळ्यात साळसूद आणि सगळ्यात महाग. दूध देत नाही तिला पेंड कशाला, हा विचार कुणाच्याही मनात येतो. पण पोटातल्या करडाच्या वजनाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग याच शेवटच्या सात-आठ आठवड्यांत भरतो. याच काळात कासेतली जुनी ऊती मोडून नवी बनते, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत चीक तयार होतो. शेळीच्या वारेतून करडाला प्रतिकारशक्ती मिळत नाही. ते जन्मतं तेव्हा त्या बाबतीत कोरं असतं. जे मिळायचं ते चिकातून, पहिल्या तासाभरात सुरू करून पहिल्या 24 तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं. दोन किलोच्या करडाला तीन-चार वेळांत मिळून 200 मिली. शेळी उपाशी असेल किंवा शेवटपर्यंत पिळली गेली असेल, तर हा चीक पातळ आणि अपुरा येतो.

कास सैल पडली की पेंढ्यावरून पुन्हा पाल्यावर यायचं. फणसाचा पाला शेळ्या आवडीने खातात आणि तो आपल्या परसात फुकट आहे. शेवरी, हादगा चालतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवावी, तिच्यातलं मिमोसिन जास्त झालं तर केस गळतात. शेवटच्या महिना-दीड महिन्यात खुराक थोड्यापासून वाढवत पाव किलोवर न्यायचा. एकदम नाही, आणि शेळी गोल गरगरीत होईपर्यंतही नाही. लठ्ठ शेळीलाही तोच किटोनचा आजार गाठतो. व्यायच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराच्या (आतड्यात जंतूंचं विष होण्याच्या आजाराच्या) लशीचा डोस दिला तर त्याचं संरक्षण चिकातून करडांना जातं. भाकडकाळ म्हणून जो आपण सोडून देतो त्यात एवढी कामं असतात.

राहिला पंधरा दिवसांचा मुद्दा. पंधरा दिवसांत कास जेमतेम सैल पडते. तिला नव्याने उभं राहायला साधारण 60 दिवस लागतात, आणि ते दिले नाहीत तर पुढच्या वेताचं दूधच कमी भरतं. शेळी 150 दिवसांनी विते, म्हणजे नव्वदाव्या दिवशी आटवायची. बोकड लागल्याची तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवा. पुढचा हिशेब सोपा आहे. 15 ऑगस्टला लागलेली शेळी 12 जानेवारीच्या सुमारास विणार, 13 नोव्हेंबरला आटवायची. त्या वेळी भात कापून झालेलं असतं, पेंढा ताजा असतो, जमीन कोरडी असते. बोकड मोकळा फिरत असेल आणि तारीखच माहीत नसेल, तर माज दिसला त्या दिवसापासून 21 दिवसांनी पुन्हा माज येतो का ते पाहायचं, नाही तर डॉक्टरकडून सोनोग्राफी करून घ्यायची. पोट बघून काढलेला अंदाज महिनाभराने सहज चुकतो.

उलट 15 एप्रिलला लागलेली शेळी आटवायची वेळ येते 14 जुलैला. सड उघडे, गुठळी अजून बसलेली नाही, आणि खाली आषाढातली ओल. ज्यांच्याकडे पोफळीच्या नाहीतर बांबूच्या रिपांचं उंच माचाण आहे त्यांचं निभतं. जमिनीवर बांधणाऱ्यांनी भाताच्या तुसाचा जाड थर घालून तो रोज बदलावा, आणि शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये दुभत्या शेळीजवळ बोकड जाऊच देऊ नये.